मेहुण्याच्या हातातला दोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी कड्यावरचा मध काढणारी माणसं राहत. एकानं कमरेला दोर बांधून कडा उतरायचा आणि दुसऱ्यानं वर दोर धरायचा. तो दोर मात्र उतरणाऱ्याच्या मेहुण्यानंच धरायचा. बहिणीचं कुंकू ज्याच्या हाती, तो हात सैल कसा सोडेल?

त्या गावात असाच एक मेहुणा होता. अंगानं दणकट, पण मनाला चटकन लागायचं. एकदा पारावर गावचा म्हातारा सहज म्हणाला, "तुझ्या बापाची पकड काही औरच होती बाबा!"

बस्स, एवढंच. म्हातारा घरी जाऊन घोरत पडला, आणि हा अंथरुणात त्या एका वाक्याचा कीस पाडत राहिला. असं म्हणायला हवं होतं, तसं सुनावायला हवं होतं! एक रात्र गेली, दोन गेल्या, चार गेल्या. डोळ्याला डोळा लागेना. दिवसा डोळे चुरचुरत, जेवणाची चव कळेना, आणि कुणी साधी हाक मारली तरी तो अंगावर धावून जाई.

पाचव्या सकाळी मध काढायचा होता. गावाची रीत अशी, की उतरण्याआधी दोर धरणाऱ्याला झोपेचं विचारायचं आणि त्यानं खरं सांगायचं. झोप झाली नसेल तर त्या दिवशी मध नाही. मधाची पोळी काही पळून जात नाहीत.

दाजींनी दोर बांधत विचारलं, "झोप झाली ना रे?"

थोरल्या बहिणीनं भावाचे तांबारलेले डोळे पाहिले. ती म्हणाली, "आज नको. उद्या काढू मध."

पण म्हातारा शेजारीच उभा होता. त्याच्यादेखत माघार घ्यायची?

"मेल्यासारखा झोपलो होतो, दाजी. उतरा तुम्ही बिनघोर."

दाजी उतरले. ऊन कोवळं होतं, वारा मंद होता, खालून माश्यांची एकसुरी गुणगुण येत होती. चार रात्री रुसलेली झोप नेमकी तेव्हा आली. क्षणभरच आली. मुठी सुटल्या आणि दोर सरसरत कड्याखाली गेला. बहीण धावली, पण तिच्या हाती काही लागलं नाही.

गावानं त्याला मारलं नाही, वाळीतही टाकलं नाही. बहीण भावाच्याच घरी राहायला आली. त्याला भाकरी वाढायची आणि गप्प बसायची. ती गप्प राही तेच त्याला सोसवेना. शेवटी एके दिवशी त्यानं तिचे पाय धरले. "अक्का, शिव्या दे, पण बोल गं!"

"काय बोलू?" ती म्हणाली. "मी नको म्हणत होते. त्यांनी तुझं ऐकलं."

झोप न लागणं हा गुन्हा नव्हे. पण ज्याचा जीव आपल्या हाती आहे, त्याच्यापासून ते लपवणं हा घात आहे.