आरसा वर, वायर सैल

एकदा एका शिष्याने एक कॅमेरा विकत घेतला.

तुम्ही म्हणाल, दृष्टांतात कॅमेरा कुठून आला? अहो, शहाणपण सांगायला दर वेळी कमंडलू आणि वडाचं झाडच लागतं, असं कुठे लिहून ठेवलंय? आणि शिष्य म्हणजे जटा वाढवून पायाशी बसलेला कुणी, असंही समजू नका. हा शिष्य जीन्स घालायचा, लग्नामुंजीचे फोटो काढून पोट भरायचा आणि गावातल्या एका वृद्ध छायाचित्रकाराला गुरू मानायचा. त्या वृद्धाला सगळं गाव तात्या म्हणे. तात्यांचा स्टुडिओ कधीच बंद झाला होता. पण फोटोच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा, हे अजूनही सगळे मानत.

शिष्याचा कॅमेरा मिडियम फॉरमॅटचा होता. म्हणजे असा, की ज्याच्या आतला चित्र टिपणारा सेन्सर नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. पापणीचा केस न् केस त्यात दिसावा. पण असा कॅमेरा जेवढा गुणी, तेवढाच हळवा. जरासा धक्का लागला, की ती हालचालसुद्धा तो तितक्याच इमानाने टिपतो आणि फोटो पुसट येतो. नवा घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून शिष्याने तो दुसऱ्याचा वापरलेला घेतला.

वापरलेला कॅमेरा घेताना जाणती माणसं शटर काउंट बघतात. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी. ती आजवर किती वेळा उघडली-मिटली, त्याचा आकडा कॅमेऱ्याच्या पोटात असतो. आकडा कमी, तर आयुष्य जास्त शिल्लक. शिष्याच्या कॅमेऱ्याचा आकडा फारच कमी निघाला आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. एवढ्यावर थांबला असता तर बरं. पण नाही! तो आकडा वाढू नये म्हणून हा गडी कॅमेरा वापरीचना. रोज कपाटातून काढायचा, पुसायचा, आकडा बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. लग्नं आपली जुन्याच कॅमेऱ्यावर चालू. मला विचाराल तर हा शुद्ध खुळेपणा होता. पण आपल्यापैकी किती जणांच्या घरी चांगल्या कपबश्या पाहुण्यांची वाट बघत कपाटातच म्हाताऱ्या झाल्या आहेत, ते आधी आठवा आणि मग हसा.

या शिष्याचे वडील, अप्पा, पाट्या रंगवत. गावातल्या निम्म्याअधिक दुकानांवरची नावं त्यांच्या हातची. पट्टी न लावता सरळ शिरोरेषा ओढणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. पाट्यांखेरीज त्यांना हौस एकच. लग्नाच्या वाढदिवशी आपल्या छोट्या कॅमेऱ्याने बायकोचा फोटो काढायचा. दरवर्षी, न चुकता. शिष्याची आई त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि "काय हे, दरवर्षी तेच तेच!" असं म्हणत, आतून सुखावत उभी राहायची.

मग अप्पांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी पाट्या गेल्या, पाठोपाठ कॅमेरा गेला. मुलगा वाईट नव्हता हो. उलट फार चांगला होता, आणि तिथेच तर खरी गोम होती. अप्पांनी दाढीचा ब्रश उचलला, की हा धावत यायचा, "अप्पा, राहू द्या, मी करतो." सदऱ्याचं बटण लावायला घेतलं, की "राहू द्या, मी लावतो." देवापुढचं निरांजन, ताटातल्या भाकरीचा तुकडा, दाराची कडी, एकेक गोष्ट मुलाने त्यांच्या हातातून काढून घेतली, आणि तीही अगदी प्रेमाने. हळूहळू अप्पा तो हात सदऱ्याच्या खिशातच ठेवू लागले.

यंदाचा लग्नाचा वाढदिवस आला. सकाळीच अप्पा जरा चाचरत मुलाला म्हणाले, "तुझा तो मोठा कॅमेरा आहे ना, त्यावर आईचा एक फोटो काढू का रे मी? एकच."

"राहू द्या हो अप्पा, मी काढतो की!" मुलगा उत्साहाने म्हणाला. "तुमच्या हातून हलेल तो."

अप्पांनी मान डोलावली आणि ते खिडकीशी जाऊन बसले. आईला ते लागलं. मुलाच्या मात्र ध्यानातही आलं नाही, कारण तो कपाटातून कॅमेरा काढण्यात गुंतला होता.

त्याने कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, आईला भिंतीपाशी बसवलं, फोटो काढला. पाहतो तर पुसट. पुन्हा काढला, पुन्हा पुसट. आईच्या चेहऱ्यावर जणू कुणीतरी ओला बोळा फिरवला होता. शिष्याचं धाबं दणाणलं. कॅमेरा छातीशी धरून तो थेट तात्यांच्या घरी गेला.

"तात्या, फसवलं हो मला! आकडा कमी आहे, पण आतून नक्की काहीतरी गेलंय."

तात्यांनी फोटो पाहिले. मग विचारलं, "हे कुणाच्या सांगण्यावरून काढलेस?"

"अप्पांना काढायचा होता. पण त्यांचा हात तुम्हाला माहीतच आहे. मग मीच काढला."

तात्या हं म्हणाले. मग चपला घालत म्हणाले, "कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. चल, तुझ्या घरी जाऊ."

घरी आल्यावर तात्यांनी शिष्याला कॅमेरा होता तसा पुन्हा ट्रायपॉडवर लावायला सांगितला. कॅमेऱ्याकडे न बघता त्यांनी आधी वर आढ्याकडे पाहिलं. पंखा गरागरा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने कॅमेऱ्याचा गळ्यात अडकवायचा पट्टा मजेत झुलत होता.

"लेका, या पट्ट्याला झोके कोण देतंय?" तात्या म्हणाले. "पट्टा हलला, की कॅमेरा हलतो. काढ तो. आणि पंखा बंद कर. वहिनी, घटकाभर उकाडा सोसा. आता ट्रायपॉडची ही मधली दांडी खाली घे. एवढी उंच काढलीस तर डुलणार नाही तर काय करणार?"

शिष्य निमूटपणे सगळं करत गेला. मग तात्यांनी कॅमेऱ्यावरची एक कळ फिरवली. आत खट् असा आवाज झाला.

"हा आरसा वर गेला. तू ज्या झरोक्यातून बघतोस, तिथे चित्र दाखवतो तो हाच. फोटो काढताना तो उसळी मारून वर जातो आणि सगळ्या कॅमेऱ्याला हिसका देतो. म्हणून त्याला आधीच वर करून ठेवायचं, थोडं थांबायचं, धक्का जिरू द्यायचा, आणि मगच फोटो."

"पण तात्या, आरसा वर गेला की झरोक्यात अंधार होतो. माणूस दिसणार कसं?"

"अरे, माणूस तुझ्यासमोर बसलंय! झरोक्यातून कशाला बघायला हवं?"

शेवटी तात्यांनी पिशवीतून एक लांब वायर काढली. तिच्या टोकाला बटण होतं. कॅमेऱ्याला बोटही न लावता दुरून फोटो काढायची ती सोय. वायर त्यांनी कॅमेऱ्याला जोडली. शिष्याने बटण घेण्यासाठी हात पुढे केला.

तात्या त्याच्या अंगावरून पुढे गेले, खिडकीशी बसलेल्या अप्पांना हाताला धरून त्यांनी कॅमेऱ्याशेजारी आणून उभं केलं आणि बटण त्यांच्या हातात दिलं. तेही उजव्या.

शिष्य बघतच राहिला. पंख्याचा वारा चालत नाही, पट्ट्याचा झोका चालत नाही, आणि सगळ्या घरात जो एकच हात सतत थरथरतो, त्याच्या हाती बटण? म्हाताऱ्याला भ्रम तर नाही ना झाला?

अप्पाही कासावीस झाले. "नको तात्या. माझा हात बघताय ना?"

"तुमचा हात मला ठाऊक आहे. माझ्या स्टुडिओची पाटी त्याच हाताची होती. वहिनींकडे बघा आणि वाटेल तेव्हा दाबा."

अप्पांनी बटण धरलं. हात थरथरायला लागला, वायर थरथरायला लागली. शिष्याला ते बघवेना. तो पुढे झेपावला आणि अप्पांचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरून त्याने आपल्याकडे ओढलं. वायर ताणली गेली. त्याच क्षणी बटण दाबलं गेलं.

फोटो पाहिला. पुसट. सकाळच्यापेक्षाही पुसट.

"बघा," शिष्य खिन्नपणे म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं?"

अप्पांचा चेहरा उतरला. ते बटण तात्यांना परत करू लागले. आईने मान खाली घातली. खरं सांगतो, त्या घटकेला अप्पांनी ते बटण परत दिलं असतं, तर पुन्हा म्हणून त्यांनी कशालाच हात लावला नसता.

"मनगट सोड," तात्या म्हणाले.

"अहो तात्या, पण..."

"आधी सोड. आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहा."

शिष्याने सोडलं. तात्यांनी वायरीचा मधला भाग जवळच्या स्टुलावर नुसता वेटोळं करून ठेवला. ती आता सैल पडली. "हं अप्पा, आता."

अप्पांनी आईकडे पाहिलं. झरोका नव्हता, भिंग नव्हतं, नुसते डोळे. अंगठा दाबला गेला. आणि थरथरणारा अंगठा एकदा दाबून थांबतो होय? टक्. टक् टक्. टक्.

शिष्य प्रत्येक आवाज मनातल्या मनात मोजत होता. आकडा! तात्यांनी वळूनही न पाहता त्याला सुनावलं, "वाढू दे. पापणी आहे ती. उघडायला-मिटायलाच असते."

आईला हसू आवरेना. "अहो, किती काढताय? मी काय कुठे पळून चाललेय?" त्यावर अप्पाही हसले, आणि हसता हसता अंगठा आणखी दोनदा दाबला गेला.

फोटो पाहिले तर सगळे लख्ख. कानामागचा पांढरा केस, लुगड्याच्या काठाचा उसवलेला धागा, सगळं जिथल्या तिथे. शिष्याने सकाळी काढलेल्या फोटोंत आई कॅमेऱ्याकडे बघत होती, रेशनकार्डाला काढतात तशी. या फोटोंत ती किंचित बाजूला बघत होती, अप्पांकडे. असा चेहरा मुलाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "हात तर तसाच हलत होता."

"हलत होता, आणि हलणारच. वायर लांब करतात ती त्यासाठीच. ती सैल असली, की हाताचा कंप तिच्यातच विरून जातो आणि कॅमेऱ्यापर्यंत फक्त 'काढ' एवढंच पोचतं. तू मनगट ओढलंस, वायर ताठ केलीस, आणि तिच्यावरून कंप सरळ फोटोत चालत गेला. तो फोटो अप्पांच्या हाताने नाही बिघडला बाळ, तुझ्या मदतीने बिघडला." मग तात्या अगदी मायेने म्हणाले, "तुझं प्रेम खरं आहे, यात शंका नाही. पण फार घट्ट आहे. आकडा वाढू नये म्हणून तू कॅमेरा कपाटात ठेवलास, ते एक वेळ चालेल. चुकू नये, सांडू नये, हलू नये म्हणून तू बापालाही कपाटात ठेवलंस."

आपणही जरा घरात पाहावं, आपण कुणाचं मनगट धरून बसलो आहोत ते. असो.

तेवढ्यात अप्पांचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजाला जुनी धार होती. "ए, तू इकडे काय करतोस? जा, आईशेजारी बस."

"मी?"

"मग काय तात्या बसणार? जा. आणि कॅमेऱ्याकडे नको बघू. माझ्याकडे बघ."

मुलगा आईशेजारी जाऊन बसला. त्याने समोर पाहिलं. अप्पा ताठ उभे होते. उजवा हात खिशाबाहेर, उघड्यावर, मनसोक्त थरथरत होता आणि चेहरा मात्र एखादी मोठी पाटी रंगवायला घेतल्यासारखा एकाग्र. एवढ्या दिवसांत आपण फक्त यांचा हातच बघत आलो, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याचे डोळे भरून आले. खांदे गदगदू लागले.

"हलू नको रे," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

तो फोटो आज त्यांच्या बाहेरच्या खोलीत मोठा करून लावलेला आहे. आई अगदी स्वच्छ आली आहे, मुलगा पुसट. येणारे-जाणारे बघतात आणि हळहळून म्हणतात, "अप्पांचा हात हलला वाटतं?"

"छे," शिष्य म्हणतो. "त्यांचा हात नाही हलला. मी हललो."