राहिलेला कोपरा

श्रीकेरोबा महाराज त्या वर्षी आंबेगव्हाणला मारुतीच्या देवळात उतरले होते. देवळाच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता. जयंतीपूर्वी तिच्यावर मारुतिराय रेखायचे होते, आणि हे काम आपलेच, याबद्दल त्र्यंबकपंत चिताऱ्यांना तिळमात्र शंका नव्हती. पंचक्रोशीतले सारे देव त्यांनीच रंगवलेले. प्रत्येकाच्या पायाशी पंतांचे नाव, देवापेक्षा ठसठशीत.

महाराज म्हणाले, "भिंत सटवाला द्या."

सटवा बाजारच्या रस्त्यावर विटेच्या भुकटीने, कोळशाने देव काढी. देवावर कुणाचा पाय पडू नये म्हणून दिवेलागणीला स्वतःच उपरण्याने पुसून टाकी.

"रस्त्यावरचा भिंतीवर चढवलात! उद्या कळसावर चढवा," पंत हसले. पोटात मात्र निखारा पडला होता.

जयंतीच्या आदल्या दिवशी सटवाने त्याच कोळशा-भुकटीने चित्र पुरे केले. पंत 'सहज' बघायला गेले नि खिळलेच. मत्सरी माणसाइतके बारकाईने कोण पाहतो? शेपटीच्या केसापर्यंत पाहिले. एक चूक सापडेना! इतक्यात दिवे लागले. सटवाने हात जोडले, उपरणे झटकले, आणि नाम घेत घेत, रोजच्या सवयीने, भिंत पुसू लागला!

पंतांनी ओरडायला तोंड उघडले. मिटले. मग प्रेमळपणे म्हणाले, "सटवा, तो खालचा कोपरा राहिला हो."

सकाळी कोऱ्या भिंतीपुढे गाव जमले.

"देवाची थट्टा करतो? हाकला याला गावाबाहेर!"

सटवाने खांद्यावरचे उपरणे महाराजांपुढे टाकले. "माऊली, हाताची खोड हो... घात झाला!"

महाराज वळले. "पंत, चित्र शेवटचे तुम्ही पाहिलेत. कसे होते?"

पंत भिंतीकडे न बघताच म्हणाले, "बरे होते."

भिंत कोरीच.

"पंत..."

"चांगले होते." चुन्यातून शेपटीची पुसट रेघ उमटली!

"आणि डोळे?"

"जिवंत होते, महाराज! मला जन्मात जमले नसते!" पंतांना हुंदका फुटला, आणि काय सांगावे! मारुतिराय डोळे उघडून साक्षात भिंतीवर उभे राहिले!

गावाने लोटांगण घातले. खालचा एक कोपरा तेवढा कोरा होता.

"तो राहिला," पंत पुटपुटले.

"तो तुम्हीच दाखवला होतात ना? तो तुमचा," महाराज म्हणाले.

पंतांनी आधी सटवाचे पाय धरले, मग महाराजांचे, आणि त्या कोपऱ्यावर कपाळ टेकले. कपाळाचे गंध भिंतीला लागले. आंबेगव्हाणात पंतांची सही म्हणून आजही तेवढेच दाखवतात.