पाणी मारलेली भिंत

"सांगा मिस्त्री, आता हिच्यात काय खोट काढता?"

सारंग डहाकेने प्रश्न विचारला खरा, पण त्याला उत्तर नको होतं. शाबासकी हवी होती.

अकोल्याबाहेर काँक्रीटच्या तयार भिंती ओतायच्या यार्डात त्याने चार पॅनेलची नमुना खोली उभी केली होती. बाहेर चव्वेचाळीस अंश. आत टांगलेल्या थर्मोमीटरवर एकतीस, तेही पंख्याशिवाय. उद्यापासून असे दोनशे पॅनेल ओतायला घ्यायचे होते, बियाण्यांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेच्या नव्या इमारतीसाठी.

जुन्या इमारतीत गेल्या मे महिन्यात तीन दिवस वीज गेली आणि थंड कपाटांतलं बियाणं उष्णतेने मेलं. एका जुन्या ज्वारीचा आता जगात एकच डबा उरला होता. "ही भिंत तो डबा विजेशिवाय वाचवेल," असं सारंगने संस्था चालवणाऱ्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं.

वाकोडे मिस्त्री भिंतीकडे बघत राहिले. वय सत्तरीपार, हयात काँक्रीटवर पाणी मारण्यात गेलेली. सारंगचा या कामातला श्रीगणेशा त्यांनीच करून दिला होता. पुढचं तो परदेशात शिकला, आणि परत आल्यापासून जरा जास्तच बोलायचा.

"दोन थर काँक्रीट, मध्ये जाड फोम. संगणकावर सगळं तपासलंय. ऊन आत येणारच नाही."

"बकेटभर पाणी आण."

"भिंत कधीच पक्की झालीय. आता पाणी कशाला?"

"आण न बाप्पा."

सारंगने कुरकुरत बादली आणली. मिस्त्रींनी आतल्या चारही भिंतींवर वरपासून खालपर्यंत पाणी मारलं. भिंती काळपट झाल्या. दार जरासं किलकिलं ठेवून दोघं आतच बसले.

...

सारंगने दोनदा घड्याळ पाहिलं. पुढच्या आठवड्यात पहिलं पॅनेल क्रेनने उचलायचं होतं, पाहुणे येणार होते, मंडप सांगायचा होता. आणि हा माणूस भिंत वाळताना बघत बसलाय, म्हणजे कमालच झाली!

मग त्याचं लक्ष वर गेलं आणि तोंड उघडंच राहिलं.

प्रत्येक पॅनेलवर वरच्या बाजूला दोन गोल वाळले होते, परातीएवढे. बाकी भिंत अजून ओली होती.

त्याने एका गोलावर तळहात टेकवला आणि चटका बसताच झटकन मागे घेतला.

"मिस्त्री... ही तर हुकांची जागा."

क्रेनला अडकवायचे हूक जिथे असतात तिथे फोम कापून दोन्ही थर भरीव काँक्रीटने जोडले होते. संगणकावर त्याने ते धरलेच नव्हते. घटकाभराच्या कामाचं काय धरायचं?

"क्रेनवर किती वेळ राह्यते पॅनेल?" मिस्त्रींनी विचारलं.

"अर्धा तास."

"आन् भिंतीत?"

"...पन्नास वर्षं."

सारंगने मनात हिशेब केला. दोनशे पॅनेल, प्रत्येकात दोन गोल. चारशे ठिकाणांहून ऊन आत येणार, आणि आत तो एकच डबा. आणि बाईंना तर त्याने शब्द दिला होता.

"हूक नुसता आतल्या थरात धरला तं?"

"मग फोम सलग राहील. पण वजन एका अंगाला जाईल. क्रेनवर पॅनेल तिरपं लटकेल." त्याचा आवाज चढला. "तुम्हीच शिकवलंत ना? क्रेनवरचं पॅनेल ओळंब्यात दिसलं पाहिजे, तिरपं लटकलं की सगळं यार्ड हसतं... म्हणून तर हे गोल भरले!"

"म्याच शिकवलं," मिस्त्री हळूच म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. आजवर ओतलेल्या किती भिंती त्यांना आठवत होत्या, कोण जाणे.



"पाहुणे येणार आहेत, मिस्त्री. बाई येणार आहेत. त्या सगळ्यांसमोर माझं पॅनेल वाकडं लटकणार..."

मिस्त्रींनी बादलीतलं उरलेलं पाणी त्या गोलावर आणि त्याच्या आजूबाजूला मारलं. दोघं बघत राहिले. गोल पुन्हा आधी वाळला.

"हसू दे न बाबू," मिस्त्री म्हणाले. "अर्धा घंटा हसतीन."