न विचारता ओढलेली काहील

“माणसाच्या अंगात पुढाकार घालता येतो का, बुवा?”

मठाच्या ओट्यावर बसता बसताच सर्जेराव चौगल्यांनी विचारलं. नमस्कार त्यांनी नंतर केला.

लिंगोबुवा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाच्या अंगात?”

“माझ्या गड्यांच्या. सांगितलं तेवढंच करतात. त्याच्यापुढं इंचभर हलत नाहीत.”

सर्जेरावांचं गुऱ्हाळ पंचक्रोशीत नावाजलेलं. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, आटवायचा, तो नेमका कधी गुळावर आला ते नजरेनं ओळखायचं आणि लगेच काहील चुलवणाच्या जाळावरून ओढायची. जरा उशीर झाला की सगळा माल करपतो. ही पारख करायला इतर लोक पगारी गुळव्या ठेवतात. सर्जेराव ते काम स्वतः करत. त्यांनी ‘ओढा’ म्हटल्याशिवाय काहिलीला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा होता. गडी तो इमानानं पाळत, आणि आपल्या धाकाचं सर्जेरावांना मोठं कौतुक होतं. आता त्याच गड्यांना शिव्या देत ते मठात आले होते.

“गेल्या हंगामाच्या अखेरीला काहील करपली, बुवा. काळीठिक्कर.”

“तू कुठं होतास?”

“तिथंच.”

“आणि गडी?”

“तेपण तिथंच. काहिलीभोवती गोल उभे. एकाच्या तोंडातनं शब्द निघाला नाही. मी विचारलं, डोळे फुटले होते काय रे तुमचे? तर म्हणतात, मालक, तुमी बघतच हुता की.”

बुवांचे हात थांबले.

“तू बघत होतास?”

सर्जेरावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. मग तोच टॉवेल मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालत बसले.

“काहिलीकडं तोंड करून उभा होतो…”

बुवांनी हातातली शेंग सुपात ठेवली.

“मला वाटलं, वाफ आहे. वाफ हटली की दिसंल, म्हणून थांबलो. ती हटलीच नाही, बुवा. अजून हटली नाही. आत्ता तुमच्या तोंडापुढंही आहे.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं. डोळ्याची शीर वाळत चाललीय म्हणाला. गेली ती नजर परत येत नाही. उरलीय ती किती दिवस पुरंल, तेही सांगता येत नाही म्हणाला.”

“घरी ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही. मालकाला दिसत नाही म्हटल्यावर कोण भितंय मालकाला?”

एवढं होऊनही त्यांना काळजी होती ती आपल्या धाकाची. काही माणसं अशीच असतात, त्याला इलाज नाही.

“मला एक माणूस पाहिजे, बुवा. एकच. स्वतःच्या डोळ्यानं बघणारा. माझ्या तोंडाकडं न बघता ‘ओढा’ म्हणणारा. तो मिळाला नाही तर यंदाच माझं चुलवण विझलं म्हणून समजा.”

“शोधलास?”

“सगळं करून बघितलं. गुऱ्हाळाच्या दारात पाटी लावली, ‘पुढाकार घ्या’. पेंटरकडनं रंगवून घेतली. दसऱ्याला सगळ्यांना बोलावून सांगितलं, जो आपल्या मनानं काम करंल त्याला फेटा आणि नारळ.”

“कुणी घेतला फेटा?”

“एक जण आला. म्हणाला, मालक, पुढाकार घेऊ का?”

“मग?”

“घे म्हटलं. तर म्हणतो, कुठला घेऊ?”

हसण्यासारखं होतं. पण सर्जेराव हसत नव्हते, म्हणून बुवाही हसले नाहीत.

“यापूर्वी कधीच कुणी आपल्या मनानं काही केलं नाही?” बुवांनी विचारलं.

“एकानं केलं होतं. केरबानं. मी गुळाच्या सौद्याला गेलो होतो, यायला उशीर झाला. यानं रस गुळावर आला म्हणून आपणच सगळ्यांना हाळी दिली आणि काहील ओढली.”

“कच्चा राहिला गूळ?”

“नाही.”

“करपला?”

“नाही.” सर्जेराव जरा घुटमळले. “पिवळाधमक झाला होता. खोटं कशाला बोलू? त्या साली तसा गूळ मलाही जमला नाही.”

“मग काय केलंस?”

“म्हशींना घातला.”

बुवांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“सगळ्या गड्यांना उभं केलं, आणि त्याच्याच हातानं सगळा म्हशींपुढं टाकायला लावला. नाहीतर उद्या कुणीही उठंल आणि काहील ओढंल. गूळ चांगला झाला म्हणून काय झालं? विचारलं नव्हतं ना त्यानं.”

हे सांगताना सर्जेरावांचा आवाज खणखणीत झाला होता. मघाचा डोळ्यांचं सांगणारा माणूस तो हाच, हे खरं वाटलं नसतं. आपल्या हातानं विहीर बुजवायची आणि मग पाणी नाही म्हणून गावभर बोंबलत फिरायचं, अशातली गत. चीड येते, पण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याच्यावर चिडून तरी काय होणार?

“केरबा तेव्हाच काम सोडून गेला?”

“छे. राहिला की. चांगला सुतासारखा सरळ राहिला. कधी उलटा शब्द नाही. मग एका हंगामाला आलाच नाही. तुमच्या मठात लाकडं फोडतो, असं परवा कळलं.” सर्जेरावांनी हात जोडले. “त्याच्यासाठीच आलोय. आपल्या मनानं करणारा तो एकटाच निघाला होता. त्याला माझ्याबरोबर धाडा. तुमचा शब्द तो मोडणार नाही.”

“म्हणजे माझ्या हुकमानं न्यायचा…”

“व्हय.”

“…आणि तिथं नेऊन आपल्या मनानं वागायला लावायचं.”

“व्हय, बुवा. तेच.”

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. ते उठले, ओट्यालगतच्या चुलीवर दुधाचं पातेलं ठेवलं आणि मठाच्या मागच्या बाजूला हाक मारली.

केरबा आला. पन्नाशीचा, काटक, अंगभर लाकडाचा भुसा. येताना काहीतरी गुणगुणत होता. ओट्यावर कोण बसलंय ते दिसल्याबरोबर गुणगुणणं थांबलं. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या आणि चुलीजवळ हात बांधून उभा राहिला.

“मालक.”

“केरबा, चल माझ्याबरोबर,” सर्जेराव म्हणाले. “गुऱ्हाळ तुझ्या हातात देतो.”

“व्हय, मालक.”

“मी मधे बोलणार नाही. सगळं तू ठरवायचं.”

“व्हय, मालक.”

“काहील कधी ओढायची, ते तू सांगायचं.”

“सांगतो, मालक. कवा सांगू तेवढं सांगा.”

सर्जेरावांनी दातओठ खाल्ले. पण ते गरजवंत होते, म्हणून आवाज खाली आणला.

“अरे, मी सांगायचंच नाही आता. तुझ्या मनाला येईल तवा.”

“बरं, मालक. तुमी म्हणाल तसं.”

चुलीत एक लाकूड कलंडलं.

“केरबा… मागचं मनात धरू नकोस.”

“न्हाई, मालक. तवा माझंच चुकलं.”

पुढचं वाक्य सर्जेरावांनी उभ्या जन्मात कुणापुढं उच्चारलं नव्हतं. तरी त्यांनी ते उच्चारलं, आणि त्यासाठी त्यांना फार कष्ट पडले.

“चुकलं नव्हतं तुझं. गूळ चांगला झाला होता.”

“व्हय, मालक. चांगला झाला हुता.”

“मग चुकलं कसं म्हणतोस?”

“तुमीच म्हणला हुता, मालक.”

सर्जेराव टॉवेलच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसले. बराच वेळ गेला. मग त्यांनी नाकानं हुंगलं आणि तोंड इकडं तिकडं वळवलं. त्यांना सगळीकडं वाफच दिसत होती.

“कसला वास येतोय?”

“दुधाचा, मालक.”

“उतू गेलं?”

“मघाशीच गेलं. आता बुडाला लागलंय.”

“अरे, मग बघत काय उभा राहिलायस? उतरव की.”

“व्हय, मालक.”

केरबानं धोतराच्या सोग्यानं पातेलं धरलं आणि खाली ठेवलं. हात सफाईचा होता. थेंबही सांडला नाही. मग तो पुन्हा आपल्या जागेवर हात बांधून उभा राहिला.

बुवांनी त्याला खुणेनं जायला सांगितलं. तो गेला. थोड्या वेळानं मागच्या बाजूनं कुऱ्हाडीचे आवाज यायला लागले.

सर्जेरावांनी कपाळ धरलं होतं. ते रडत होते की काय ते कळत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांना तशीही सारखी धार लागलेली असे.

“यात आता काही उरलं नाही, बुवा. भुसा झालाय माणसाचा. तुमच्याकडंही हा असाच असतो?”

“नाही.”

“म्हणजे?”

“रोज दूध तोच उतरवतो. मला कधी सांगावं लागलं नाही.”

“मग आज काय झालं त्याला?”

बुवांनी वाटीत ते करपलेलं दूध ओतलं. सर्जेरावांचा हात हवेत वाटी शोधत होता. बुवांनी तो धरला आणि वाटी त्याच्यात नीट बसवून दिली.

“आज तू आलायस.”