आईच्या तोंडातलं उंबर

ओढ्याकाठच्या जंगलात, उंबराच्या एका झाडावर एक वानरी राहत असे. तिला एक पिल्लू होतं. पहिलंवहिलं ते, त्यामुळे लाडाला काही सुमारच नव्हता! आता ते फांद्यांवर दुडुदुडु पळू लागलं होतं आणि नुसत्या दुधावर त्याचं भागत नव्हतं. पण उंबर पुढे केलं, की स्वारी ओठ घट्ट मिटून घेई. पिल्लू वाळत चाललं. आई उडी मारू लागली, की तिच्या पोटाला धरलेली त्याची मूठ सैल पडे. वानरीच्या काळजात धस्स होई. वानरांची टोळी लवकरच ओढ्यावरून उड्या मारत पलीकडे जाणार होती. एवढ्या लांब उडीत हात सुटला तर?

झालं! वानरीला दुसरं कामच उरलं नाही. उंबर घेऊन ती दिवसभर पिल्लामागे धावे. "हा घास खारूताईचा, हा घास पोपटदादाचा, आणि हा माझ्या राजाचा!" राजा मान फिरवून बसे. शेजारची खार म्हणाली, "अगं, नाक दाब, म्हणजे तोंड आपोआप उघडेल. माझी पिल्लं बघ कशी गुबगुबीत!" वानरीने तेही करून पाहिलं. पिल्लाने सगळं ओकून टाकलं, आणि मग तर आईच्या हातात नुसतं फळ दिसलं तरी ते रडू लागलं. वानरीलाही रडू आवरेना.

झाडाखाली एक हत्तीण आपल्या बाळाबरोबर चरत होती. वानरीने तिला विचारलं, "बाई, तुझं बाळ किती शहाण्यासारखं खातं! कसं भरवतेस गं त्याला?"

"मी कुठे भरवते? मी जेवते," हत्तीण म्हणाली. "ते माझ्या तोंडात सोंड घालून ओढून घेतं. आवडलं तर चघळतं, नाहीतर टाकून देतं." मग ती हळूच म्हणाली, "आणि तू गं? तू कधी जेवलीस?"

वानरीला आठवेना. हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती तिथेच फांदीवर बसली आणि हातातलं उंबर तिने स्वतःच्याच तोंडात टाकलं. भूक अशी खवळली होती, की पिल्लाकडे बघायचंही तिला सुचलं नाही. तेवढ्यात मांडीवर कोणीतरी चढलं. एक इवलासा हात तिच्या ओठांशी आला आणि त्याने आतला उंबराचा तुकडा ओढून काढला. पिल्लाने तो हुंगला, चाटला, तोंड वाकडं केलं... आणि चक्क गिळला! पुन्हा हात पुढे आला. वानरीचे डोळे भरून आले. तरी ती सावकाश चावत राहिली.

काही दिवसांनी टोळी ओढा ओलांडायला निघाली, तेव्हा पिल्लाने आईच्या पोटाची लव अशी गच्च धरली, की ती कळवळून म्हणाली, "हळू रे सोन्या, दुखतंय मला!" आणि हसत हसत तिने उडी घेतली.

तात्पर्य : मुलामागे घास घेऊन धावण्यापेक्षा त्याला जवळ घेऊन आपण पोटभर जेवावं, आईला जेवताना पाहूनच ते खायला शिकतं.