तांबटाची चकती

फार फार वर्षांपूर्वी, फटफटी नुकतीच जन्माला आली होती, तेव्हाची ही गोष्ट. घाटाखालच्या एका गावात एक तांबट राहत होता. हंडे, घागरी, बंब घडवायचा आणि प्रत्येकावर हातोडीचे ठोके असे ओळीनं उमटवायचा, की लग्नात लोक नवरीआधी त्याचा हंडाच बघत.

त्याच गावात एक सुईण होती. साठी उलटली होती, तरी घाटावरच्या वाड्यांवर ती फटफटीवरून जायची. एके सकाळी मात्र ती फटफटी ढकलतच तांबटाच्या दारात आली.

"अरे बाबा, इंजिनाच्या दोन भागांमध्ये तांब्याची चकती असते ना, ती फाटली. सगळा जोर फटीतून फुस्स होतोय. वरच्या वाडीत एका पोरीला कळा सुरू झाल्यात, पहिलटकरीण आहे. चालत गेले तर उशीर होईल रे."

"बसा मावशी, घडवू की," तांबट म्हणाला.

कामाचा आराखडा त्याच्या डोक्यात तयार झाला. इंजिन उघडून त्याच्या तोंडाला काजळी फासली आणि त्यानं कागदावर ठसा घेतला. ठशाबरहुकूम तांब्याचा पत्रा कापला, भोकं पाडली. मग चकती लालबुंद तापवून पाण्यात बुडवली, म्हणजे तांबं मऊ पडतं आणि आवळलं की फट बुजवतं. इथवर सारं झकास होतं.

पण जित्याची खोड! आपल्या हातची वस्तू कोरी कशी पाठवायची? हात शिवशिवले आणि त्यानं चकतीवर गोल गोल ठोके उमटवले. अशी झळकली, की गळ्यात घालावी.

चकती बसवली. सुईणीनं किक मारली. फुस्स!

सुईणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तांबटाचा चेहरा उतरला. तेव्हा त्याची बायको दारातून म्हणाली, "अहो, ती काय रुखवतात मांडायचीय? ठोक्यांनी तांबं टणक होतं, हे तुम्हीच सांगता ना? आणि त्या खळग्यांतून वारा निसटणार नाही तर काय होईल?"

तांबट ओशाळला, मग स्वतःशीच हसला. त्यानं चकती पुन्हा तापवली, पाण्यात विझवली आणि गुळगुळीत फरशीवर ठेवून लाकडी मोगरीनं सपाट केली. एकही ठोका उरला नाही. त्याचं मन जरा चुकचुकलं, खोटं कशाला सांगू! पण बोल्ट आवळल्यावर चकती अशी बसली, की दिसेनाशीच झाली.

फटफटी एका दमात घाट चढली. दिवस मावळायच्या आत निरोप आला, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. वाडीत सुईणीचं कौतुक झालं, फटफटीचंही झालं. चकतीचं नाव कुणी काढलं नाही. तांबट मात्र त्या दिवशी दोन घास जास्तच जेवला.

बोध: दोघांना जोडायला जो मध्ये जातो, त्यानं मिरवू नये, चपखल बसावं.