रांगेतली जागा

त्या किनाऱ्यावर घरांची टंचाई होती. स्वतःचं घर बांधता येत होतं ते फक्त गोगलगायींना. त्या जन्माला येत त्याच पाठीवर इवलासा शंख घेऊन, आणि अंग वाढेल तसा तो वाढवत नेत. शंखखेकड्यांना ही कला नव्हती. त्यांच्या नांग्या मजबूत, बोलणं त्याहून मजबूत. मागचं अंग मात्र लोण्यासारखं मऊ. ते झाकायला गोगलगाय मेल्यावर उरलेला शंख लागे. अंग वाढलं की आणखी मोठा शंख. तेव्हा किनाऱ्यावरचा झाडून सगळा खेकडेसमाज कुणा ना कुणा मेलेलीच्या घरात राहत होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पुढे पाणी गढूळ झालं, शेवाळ करपलं आणि गोगलगायी कमी होऊ लागल्या. मोठमोठ्या शंखांत राहणाऱ्या खेकड्यांना याचं फार वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं, उगाच शंका घेऊ नये. त्यांनी एकत्र येऊन 'किनारी व सागरी जीव संवर्धन मंडळ' स्थापन केलं. गोगलगायींच्या दुःखावर तिथे जे बोललं जाई ते ऐकून दगडाला पाझर फुटला असता. गोगलगायी मात्र या मंडळात नव्हत्या. त्यांना सभेच्या वेळेत पोहोचणं जमत नसे.

रेवाचा या मंडळाशी काडीचा संबंध नव्हता. ही एक लहानशी खेकडी, अंड्यातून निघाल्या निघाल्या पाण्यावर सोडून दिलेली. आई कोण, बाप कोण, पत्ता नाही. आपलं म्हणावं असं तिला एकच होतं. भागामावशी, म्हातारी, जाडजूड, संथ गोगलगाय. मावशी खडकावरचं शेवाळ खरवडून खाई आणि थोडं मुद्दाम मागे ठेवी. "माझं झालं गं पोरी, तू बघ आता," म्हणे. तिचं झालेलं नसे हे रेवाला ठाऊक होतं, पण भूक लागलेली असे, म्हणून ती खाई. आकाशात पक्षी घिरट्या घालू लागले की मावशी आपला शंख एका बाजूने उचलून धरी आणि रेवा त्याच्या सावलीत जाऊन बसे. रेवाचा स्वतःचा शंख तिला कधीचा घट्ट होत होता. रात्रंदिवस अंग आवळून बसावं लागे. पण मावशीपाशी असली की तिला त्याचं फारसं काही वाटत नसे.

एका उधाणात मोठी लाट आली आणि तिने मावशीला उचलून काळ्या खडकाच्या माथ्यावरच्या खळग्यात नेऊन टाकलं. खळग्यात थोडं पाणी साठलेलं होतं. समुद्र खाली, खडकाच्या पायथ्याशी. मध्ये फक्त खळग्याचा काठ आणि त्याच्यापुढे सरळ उतार. काठ काही डोंगराएवढा नव्हता, पण गुळगुळीत होता आणि उन्हाने तापलेला. मावशीचं अंग त्यावर टिकेना. पुढचं उधाण यायच्या कितीतरी आधी खळग्यातलं पाणी आटणार होतं.

रेवाने मावशीला खालून, बाजूने, पाठीने ढकलून पाहिलं. शंख जागचा हलला नाही.

"पुरे गं बाई, जीव काढशील फुकट," मावशी म्हणाली. "एकटीचं काम नाही हे. चारजणांना घेऊन ये. एवढा काठ ओलांडून द्या, पुढे माझी मी जाते गडगडत."

चारजण आणायचे म्हणजे मंडळाकडेच जायला हवं. दुसरीकडे चारजण एकत्र असतात कुठे!

मंडळाची बसायची रीत ठरलेली होती. सगळ्यांत मोठ्या शंखाचे धोंडोपंत, म्हणजे अध्यक्ष, सर्वांत पुढे. त्यांच्यामागे त्याहून लहान शंखाचा, त्याच्यामागे त्याहून लहान. प्रत्येकाने पुढच्याच्या शंखाची कड नांगीने धरायची आणि काही झालं तरी सोडायची नाही. सोडली की जागा गेली. रांगेच्या शेवटी केरबा नावाचा एक हसतमुख सभासद होता. त्याने रेवाचा शंख पुढूनमागून नांगीने मापला आणि तिला आपल्यामागे उभं केलं.

"आलीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "इथे ओळखी वाढतात. आज तू शेवटी आहेस, उद्या बघशील. फक्त कड सोडू नकोस."

रेवाने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. ते एकाकडून दुसऱ्याकडे करत रांगेच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथून प्रश्न खाली आला: अध्यक्ष विचारताहेत, बाईंचा शंख केवढा आहे?

रेवाला भरून आलं. इतके मोठे लोक, आणि मावशीची चौकशी करताहेत! तिने सांगितलं, खूप मोठा आहे. पुन्हा प्रश्न आला, कुठे तडा, टवका? छे हो, रेवा म्हणाली, एवढीशी चीर नाही. बाहेरून तपकिरी पट्टे आहेत, आतून गुलाबी आहे, आणि ऐसपैस तर इतका की मावशीच त्यात हरवून जाते. ती बोलत सुटली. मावशीचं कौतुक करायला आजवर तिला कुणी मिळालंच नव्हतं. तिचा शब्द न् शब्द रांगेतून वर गेला आणि सगळी रांग अंगावर काटा आल्यासारखी शहारली. त्यांच्या मनाला लागलं, असं रेवाला वाटलं.

एरवी एकेका ठरावाला ओहोट्यांमागून ओहोट्या घालवणारं मंडळ तत्काळ निघालं. रेवाची छाती अभिमानाने फुलली. खडक चढताना तिने लांबूनच हाक दिली, "मावशी, आणलं गं सगळ्यांना!"

मंडळ खळग्याकाठी आलं आणि रीतीप्रमाणे रांग धरून उभं राहिलं. धोंडोपंतांनी घसा साफ केला. "भागाबाई, तुम्ही एकट्या आहात असं मुळीच समजू नका. हे संपूर्ण मंडळ तुमच्या पाठीशी उभं आहे."

"पाठीशी नको रे बाबांनो," मावशी म्हणाली. "बाजूला या नि ढकला."

रांगेत जरा चुळबूळ झाली. मग धोंडोपंतांनी तिला समजावून सांगितलं, की मंडळाचं काम निरीक्षणाचं आणि सहवेदनेचं. ढकलायचं तर कड सोडावी लागते, कड सोडली की रांग मोडते, आणि रांगच मोडली तर किनाऱ्यावरच्या बाकीच्या गोगलगायींनी कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

रेवाने कड सोडायला नांगी उचलली.

"वेडी का काय तू!" केरबा पुटपुटला. "शेवटची आहेस. सुटलीस की बाहेरच. मग मंडळात मावशीची बाजू मांडणार कोण? आणि एकटीने ढकलून काय झालं होतं मघाशी?"

बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. शिवाय उन्हाने रेवाचा शंख तापला होता, आतलं अंग आवळून ठणकत होतं आणि समोर केरबाचा शंख दिसत होता. तिच्या शंखाहून जरासा मोठा. तो आपल्याला बरोबर होईल हे तिच्या ध्यानात आलं. लगेच तिला स्वतःची लाज वाटली. पण उचललेली नांगी तिने परत कडेवर ठेवली.

पाणी आटत गेलं. अधूनमधून मंडळ हळहळत होतं.

"रेवा," मावशीने विचारलं, "आहेस का गं पोरी?"

"आहे, मावशी."

"मग?"

रेवाने कड आणखी घट्ट धरली. मावशीने थोडी वाट पाहिली. मग तिने अंग आत ओढून घेतलं आणि शंखाचं झाकण लावलं. रेवा रडली. केरबानेही डोळे पुसले, एका नांगीने. दुसरी कडेवर होती.

पुढे झाकण आपोआप सैल झालं. धोंडोपंतांनी खाली मान घातली, सगळ्यांनी घातली. "किनारा पोरका झाला," ते म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत जे झालं ते डोळ्यांना नीट दिसलंसुद्धा नाही. धोंडोपंतांनी उरलंसुरलं बाहेर काढून टाकलं आणि स्वतःच्या शंखातून सुटून ते मावशीच्या शंखात शिरले. त्यांच्या शंखात मागचा शिरला, त्याच्या शंखात त्याच्या मागचा. खटखट आवाज करत सगळी रांग एकेक घर पुढे सरकली. केरबा पुढे गेला तशी रेवाही, काही कळायच्या आत, त्याच्या शंखात होती. आत अजून त्याची ऊब होती. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिचं अंग मोकळं झालं. नको नको म्हणताना तिला बरं वाटलं.

सभा संपली. धोंडोपंत परत निघाले. पण नवा शंख जड, सवय नव्हती, आणि खळग्याच्या त्या काठाशी येऊन ते अडकले. पाय घसरू लागले, शंख पुन्हापुन्हा मागे येऊ लागला.

"अरे, बघता काय?" ते ओरडले. "ढकला जरा!"

आता सगळ्यांच्या जागा पक्क्या झाल्या होत्या. भराभर कडा सुटल्या, मंडळ धावलं. कुणी खालून खांदा दिला, कुणी बाजूने नांग्या लावल्या. "हं, जोर लावा! आणखी थोडा!" रेवानेही त्या ओळखीच्या तपकिरी पट्ट्यांवर पाठ टेकवली आणि पाय रोवून ढकललं. शंख सहज काठावर चढला, पलीकडे कलला आणि उतारावरून गडगडत जाऊन समुद्रात पडला.